टेकडीवरची झुडपं अंगणात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडला आमच्या इमारतीमागे जेमतेम आठ फूट रुंदीचा मातीचा पट्टा आहे. तिथली जास्तीची रोपं मी दर पावसाळ्यात वाटून टाकते. रोपं घरी गेली की महिन्याभरात प्रश्न यायला लागतात, आणि दर वर्षी बहुतेक तेच असतात. ते एकदाचे इथे लिहून ठेवले आहेत. उत्तरं पुणे शहर आणि आसपासच्या भागापुरतीच धरा. कोकणात किंवा विदर्भात यातलं बरंच लागू पडणार नाही.

१. स्थानिक झुडूप म्हणजे नेमकं काय? देशी म्हणजेच स्थानिक ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. हिमालयातलं झाड भारतीय आहे, म्हणजे देशी आहे. पण पुण्याला ते सिंगापूरच्या झाडाइतकंच परकं. स्थानिक म्हणजे जे इथल्या टेकड्यांवर, माळांवर, शेताच्या बांधांवर कुणी न लावता उगवत आलंय ते. वेताळ टेकडी, पर्वती-तळजाई, सिंहगडाचा उतार, दिवे घाट इथे जे आपसूक वाढतं ते आपलं: धायटी, मुरुडशेंग, तरवड, करवंद, निर्गुडी, हेकळ, कोरांटी, कुडा. टेकडीवर दिसतं ते सगळंच मात्र स्थानिक नव्हे. गिरीपुष्पाची झाडं मध्य अमेरिकेतली आहेत आणि आपल्या टेकड्यांवर ती माणसांनी लावलेली आहेत.

२. मग जास्वंद, चाफा, बोगनवेल काढून टाकायची का?

अजिबात नको. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिका खंडातल्या उष्ण भागातला, रातराणीही तिकडचीच, आणि दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. हे सांगितलं की लोक दुखावतात, विशेषतः चाफ्याच्या बाबतीत. पण चाफा काही पसरून रान खात नाही. तो आहे तिथे राहू दे. नवीन जागा भरताना आधी इथल्या झुडपाचा विचार करा, एवढंच माझं म्हणणं. अपवाद फक्त घाणेरीचा. त्याबद्दल प्रश्न २० पाहा.

३. यांची फुलं काही फार मोठी नसतात. मग लावून मिळतं काय?

मुरुडशेंगेचं फूल जवळून बघा, मग बोलू. सकाळी उमललेलं ताजं फूल विटेसारखं लाल असतं आणि पुढे ते करड्या निळ्या रंगावर जातं. एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात आणि पाहुण्यांना वाटतं, दोन झाडं एकत्र लावलीत. मग त्या पिळाच्या शेंगा येतात. आपल्यापैकी कित्येकांनी ती शेंग फक्त बाळगुटीच्या डबीत, सहाणेशेजारी पाहिलेली असते. तीच शेंग झुडपावर हिरवी लटकताना बघून माझ्या सासूबाई पाच मिनिटं काही बोलल्याच नव्हत्या.

धायटी थंडी सरताना फुलायला लागते आणि उन्हाळ्यापर्यंत फुलत राहते. बाकी बाग धुळीने मळलेली असताना ही पानांआधी फांद्याच लाल करते. शिंजीर म्हणजे सनबर्ड सकाळी सातला तिथे हजर असतो आणि मधमाश्या दुपारपर्यंत हटत नाहीत. याच फुलांना आयुर्वेदात धातकी म्हणतात आणि अरिष्टं-आसवं आंबवायला ती वापरतात. पाणी बेताचं, खत जवळपास नाही, फवारणी नाही, हा फायदा वेगळाच.

४. पहिल्यांदाच लावतोय. सुरुवात कोणत्या झुडपांनी करू?

निर्गुडी, अडुळसा आणि पिवळी कोरांटी. तिन्ही फांदीवरून येतात, तिन्ही माणसाच्या चुका पोटात घालतात. निर्गुडीला निळसर जांभळे तुरे येतात. अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर तो मोठा काळा भुंगा येतो. कोरांटी थंडीत पिवळीजर्द होते. धायटी आणि करवंद दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. पहिल्याच वर्षी धायटी लावून, ती चार बोटं वाढली म्हणून खचून जाणारे मी पुष्कळ पाहिलेत.

५. माझ्याकडे फक्त बाल्कनी आहे. जमेल?

ऊन किती येतं त्यावर आहे. पूर्वेची किंवा दक्षिणेची बाल्कनी असेल आणि चारेक तास ऊन मिळत असेल, तर कोरांटी, चित्रक, कडीपत्ता, कुंती ही १४ ते १६ इंची कुंडीत मजेत राहतात. चित्रक तर लावाच. त्याच्या कोवळ्या कळ्या-फुलांवर झेब्रा ब्लू नावाचं नखाएवढं फुलपाखरू अंडी घालतं आणि चौथ्या मजल्यावरही ते शोधत येतं. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिलचं दुपारचं ऊन कुंडीची भिंत तापवतं आणि मुळं भाजतात. तिथे कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा. उत्तरेच्या अंधाऱ्या बाल्कनीत यातलं काहीही फुलणार नाही. अडुळसा जगेल, पण नुसता पानांचा.

६. गच्चीवर ड्रममध्ये करवंद, धायटी लावली तर स्लॅबला धोका आहे का?

रंगाच्या २० लिटरच्या बादलीत ओली माती भरली की ती ३० ते ३५ किलो होते. अशा पाच-सहा बादल्या भिंतीच्या कडेने, तुळईच्या रेषेवर ठेवल्या तर सहसा अडचण येत नाही. २०० लिटरचा अख्खा ड्रम मातीने भरून गच्चीच्या मध्यावर ठेवणं मात्र वेडेपणा आहे, त्यात सव्वातीनशे किलो सहज बसतात. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, बागकाम करणाऱ्या शेजारणीला नव्हे. बादली विटांवर उचलून ठेवा. खाली पाणी साचलं की आधी वॉटरप्रूफिंग जातं आणि मग खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध.

७. रोपं मिळतात कुठे? टेकडीवरून उपटून आणली तर चालतील?

उपटून आणू नका. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे आणि तिथून परवानगीशिवाय रोप काढणं हा गुन्हा आहे. तो नसता, तरीही उपटलेलं रोप दहातलं एखादंच जगतं. मुरमात वाढलेल्या झुडपाचं मूळ खडकाच्या फटीत हातभर खोल गेलेलं असतं. तुमच्या हातात येतो तो वरचा तुकडा. बी आणि फांदी मिळवायची ती शेताच्या बांधावरून मालकाला विचारून, नाहीतर ओळखीच्यांच्या बागेतून.

रस्त्याकडेच्या नर्सरीत बहुधा ‘ठेवत नाही’ असंच उत्तर मिळतं. आधी सांगून ठेवलं तर काही जण मागवून देतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा तिथल्या विक्रेत्यांकडे चौकशी करा. रोप घेताना नाव कसं विचारायचं ते पुढच्या उत्तरात आहे.

८. नर्सरीवाल्याने दिलेलं रोप वेगळंच निघालं. नावांचा घोळ कसा टाळायचा?

मलाही एकदा ‘कुडा’ म्हणून भलतंच काही मिळालं होतं. दोन वर्षं पाणी घालून मग कळलं. मराठी नावं गोड आहेत, पण एकेका नावाखाली तीन-तीन झाडं राहतात. पांढरा कुडा आणि काळा कुडा ही वेगळी झाडं. दोन्हींच्या शेंगा जोडीने लटकतात. काळ्या कुड्याची जोडी कोवळी असताना टोकाला जुळलेली असते, पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा मोकळ्या असतात. धायटी झुडूप आहे आणि धावडा मोठा वृक्ष, तरी एकाच्या नावाने दुसरा खपवला जातो. तरवड आणि टाकळा दोन्ही पिवळ्या फुलांचे, पण टाकळा ही पावसाळी भाजी आहे, दिवाळीनंतर वाळून जाते.

उपाय एकच, शास्त्रीय नाव लिहून न्या. धायटी म्हणजे वुडफोर्डिया फ्रुटिकोसा, मुरुडशेंग हेलिक्टेरिस आयसोरा, तरवड सेना ऑरिक्युलाटा, पांढरा कुडा होलॅरिना प्युबेसेन्स, निर्गुडी व्हायटेक्स निगुंडो. विक्रेत्याला ते कळेलच असं नाही, पण आपण काय मागतोय ते तुम्हाला तरी पक्कं ठाऊक असेल.

९. लावायची कधी?

जुनी माणसं मृगाची वाट बघतात. माझ्या अनुभवात पुण्यात आर्द्रा बरी, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर खोल ओली झाली की लावा. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत कधीही. वळवाच्या पहिल्या सरीने हुरळून मे महिन्यात लावलेली रोपं पुढच्या पंधरा दिवसांच्या उन्हात जातात. कुंडीतलं रोप कुंडीतच बदलायचं असेल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडाही चालतो.

१०. माती कशी करायची? भरपूर शेणखत घालू का?

नको. खतावलेल्या मातीत तरवड ताडमाड वाढतो, फुलत नाही आणि पहिल्या वादळात आडवा होतो. ही मुरमावर वाढणारी झुडपं आहेत. कुंडीसाठी मी दोन भाग लाल माती, एक भाग बारीक मुरूम आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा असं मिश्रण करते. त्याहून श्रीमंती नको.

जमिनीत लावणाऱ्यांची अडचण निराळी असते. नव्या इमारतींभोवती ‘माती’ म्हणून जे असतं तो बांधकामाचा राडारोडा असतो, आणि त्यावर शोभेपुरता चार इंचांचा लाल थर. दीड-दोन फूट खणा. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, प्लास्टिकच्या पिशव्या निघतील त्या काढा, मुरूम राहू दे. नुसती काळी माती असेल तर ती पावसाळ्यात चिकट होऊन मुळं कुजवते. तिथे झुडूप थोड्या उंचवट्यावर लावा. पडलेली पानं बुंध्याशीच राहू द्या. ती झाडून जाळणं, म्हणजे खत जाळून वर शेजाऱ्यांना धूर देणं.

११. पाणी किती?

पहिला उन्हाळा: जमिनीतल्या रोपाला आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी बादलीभर, सावकाश. दुसरा उन्हाळा: आठवड्यातून किंवा दहा दिवसांतून एकदा. तिसऱ्यापासून तरवड, हेकळ, करवंद, धायटी यांना जमिनीत असतील तर काहीही नको. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तो त्यांना पुरतो.

रोज तांब्याभर पाणी ही सगळ्यात वाईट सवय. त्याने मुळं वरवर राहतात आणि तुम्ही चार दिवस गावाला गेलात की झुडूप कोसळतं. कुंडीतल्यांचा हिशोब मात्र वेगळा. त्यांना उन्हाळ्यात एक दिवसाआड लागतं, आणि ते कायमचं.

१२. बियांपासून रोपं येतच नाहीत. काय चुकतंय?

बहुतेक वेळा बी कठीण कवचाचं असतं आणि आपण ते तसंच पेरतो. तरवड आणि मुरुडशेंग यांच्या बिया वाटीत घ्या, उकळून खाली उतरवलेलं गरम पाणी त्यावर ओता आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ज्या फुगल्यात त्या पेरा, उरलेल्यांना पुन्हा तोच उपचार.

करवंदाचं उलट आहे. त्याचं बी ठेवलं की मेलं. मे-जूनमध्ये करवंदं खाल्ली की बिया धुऊन त्याच आठवड्यात पेरा. डबीत भरून पुढच्या वर्षी पेरणाऱ्यांना काही मिळत नाही.

धायटीचं बी तपकिरीसारखं बारीक असतं. चाळलेल्या मातीवर नुसतं भुरभुरवा, वर माती टाकू नका, झारीने पाणी घालू नका. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून पाणी खालून चढू द्या. उगवल्यावर वर्षभर ते रोप इतकं इवलं असतं की तण समजून उपटलं जातं. माझी निम्मी रोपं कामवाल्या मावशींनी नाही, मीच उपटली होती.

१३. फांदीवरून कोणती येतात आणि फांदी कशी लावायची?

निर्गुडी, अडुळसा, कोरांटी, चित्रक ही हमखास. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी घ्या. तीन-चार डोळे हवेत, त्यातले दोन मातीत. खालचा काप तिरका द्या, म्हणजे फांदी उलटी लावली जात नाही. हसू नका, लावतात लोक. जून-जुलैमध्ये सावलीत ठेवा. महिन्याने फांदी हलकेच ओढून बघा, धरून राहिली तर मूळ फुटलं. वरून पानं आली म्हणजे मूळ आलंच असं नाही. फांदीतल्या साठ्यावरही पानं फुटतात.

१४. फुलायला किती वर्षं लागतात?

फांदीवरचा अडुळसा आणि निर्गुडी वर्षाच्या आत-बाहेर, तरवड दुसऱ्या वर्षी, मुरुडशेंग आणि धायटी साधारण तिसऱ्या, बियांचं करवंद तीन-चार वर्षांनी. कुंडीत यात एखादं वर्ष वाढवा.

१५. मार्च-एप्रिलमध्ये सगळी पानं गळली. रोप मेलं का?

बहुधा नाही. हा प्रश्न इतक्यांदा येतो की हे उत्तर सर्वांत आधी लिहायला हवं होतं. मुरुडशेंग, कुडा ही पानगळीची झुडपं आहेत. उन्हाळ्यात ती उघडी काडी होऊन बसतात आणि पाणी वाचवतात. वेताळ टेकडी एप्रिलमध्ये बघा, सगळं करडं असतं, आणि जूनच्या पंधरा दिवसांत हिरवं होतं.

परीक्षा सोपी. नखाने फांदीची साल किंचित खरवडा. आत ओला हिरवा थर दिसला तर झाड जिवंत आहे. कोरडं, पिवळट-तपकिरी लागलं तर थोडं खाली येऊन पुन्हा खरवडा. शेंड्याकडची फांदी मेली तरी बुंधा जिवंत असू शकतो. तेव्हा जुलै संपेपर्यंत काहीही उपटायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. तो नियम झाला कारण मी स्वतः एका एप्रिलमध्ये ‘मेलेली’ मुरुडशेंग खणून काढली होती. कुदळीच्या घावाखाली मूळ तुटलं तेव्हा ते आतून पांढरंशुभ्र, ओलं होतं.

भीती वाटून रोज पाणी ओतू नका. झोपलेल्या झाडाला जास्त पाण्याने मुळं कुजण्याचा धोका असतो.

१६. अळ्या पानं खाताहेत. कोणतं औषध मारू?

आधी बघा कुणाच्या अळ्या आहेत. कडीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, आणि मोठी झाली की हिरवी होणारी अळी कॉमन मॉरमॉन फुलपाखराची असते. तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि आंबूस वास सुटतो. मुलांना एकदा दाखवा, सारखं नको. रुईवर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती प्लेन टायगरची. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं. माकडलिंबू लावायला जागा असेल तर तेही येतं.

अळी महिन्याभरात उडून जाते, पानं पुन्हा फुटतात. रोप हातभरच असेल आणि अळ्या पाच-सहा असतील, तर दोन ठेवून बाकीच्या मोठ्या झाडावर न्या. तेही त्याच जातीच्या, दुसऱ्या पाल्यावर त्या उपाशी मरतात.

खरा त्रास पांढऱ्या कापसासारख्या पिठ्या ढेकणाचा. त्याला पाण्याचा जोरदार फवारा, आणि न हटल्यास लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल व दोन थेंब साबण, संध्याकाळी.

१७. छाटणी केव्हा?

फुलोरा संपल्यावर. धायटीची छाटणी मे महिन्यात, पावसाआधी. ऑक्टोबरात छाटलीत तर पुढच्या फुलोऱ्याच्या फांद्याच कापल्या जातात, मग ‘यंदा फुलली नाही’ म्हणून विचारायचं नाही. मुरुडशेंग शेंगा वाळल्यावर, फेब्रुवारीत. निर्गुडी आणि अडुळसा कधीही.

कात्रीने गोल टोपीसारखी छाटणी करू नका. ती मेंदीच्या कुंपणाची पद्धत आहे. जुनी फांदी बुंध्यापासून काढा, बाकीचं मोकळं वाढू द्या.

१८. दाट झुडपांनी साप आणि डास येतात का?

डास साचलेल्या पाण्यात होतात, झुडपात नाही. कुंडीखालची ताटली आधी तपासा. साप उंदरांमागे येतो, आणि उंदीर येतात उघड्या कचऱ्यासाठी, फरशा-विटांच्या ढिगाऱ्यासाठी. ढीग हलवा. झुडपाच्या बुंध्यालगतच्या फांद्या फूटभर उंचीपर्यंत काढल्या की खालचं दिसतं आणि मनाची भीतीही जाते. एवढं करून साप दिसलाच तर दूर राहा आणि सर्पमित्राला बोलवा.

१९. घरात लहान मूल आहे, कुत्रा आहे. कोणती टाळू?

रुई टाळा, किंवा हात पोचणार नाही तिथे लावा. शनिवारी मारुतीला पानं वाहायला घरची रुई हवी असते हे मान्य. पण तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. पानं तोडली की हात धुवा आणि तोवर डोळा चोळू नका. चित्रकाच्या मुळाने त्वचेवर फोड येतात, त्यामुळे कुंडी बदलताना हातमोजे घाला. खुळखुळ्याच्या शेंगा वाजतात म्हणून मुलं खेळायला घेतात, पण बिया विषारी आहेत.

‘अडुळशाचा काढा किती द्यायचा’, ‘कुड्याची साल कशी घ्यायची’ हेही प्रश्न येतात. मी माळीण आहे. वैद्यांना विचारा.

२०. घाणेरीवर तर फुलपाखरं नुसती लोटतात. मग ती का नको?

येतात हे खरं. घाणेरी, म्हणजेच टणटणी, मध प्यायला देते, पण अळ्यांना खायला पान जवळपास देत नाही. खानावळ आहे, बाळंतघर नाही. शिवाय ती पक्ष्यांच्या पोटातून टेकडीवर जाते आणि तिथल्या धायटी-तरवडाची जागा खाते. अमेरिका खंडातून बागेची शोभा म्हणून आली आणि आता सह्याद्रीभर आहे. तुमच्याकडे असेल तर काळी फळं धरण्याआधी काढा, आणि जागा रिकामी ठेवू नका. तिथे तरवड लावा, पिवळी छोटी फुलपाखरं त्याच्यावर अंडीही घालतील.

२१. काटेरी झाड घरात लावू नये म्हणतात. करवंद चालेल का?

शास्त्राचं तुमच्या घरच्यांना विचारा. माझ्यापुरतं सांगायचं तर करवंदाच्या कुंपणासारखा राखणदार नाही. तीन-तीन फुटांवर लावा, चार वर्षांत त्यातून मांजरही निघत नाही. वर उन्हाळ्यात जाईसारखी पांढरी, वासाची फुलं आणि मे महिन्यात लोणच्याची सोय. ये-जा असते त्या बाजूला मात्र नको.

कुंपणाला जाळी असेल तर वाघाटी चढवा. तिलाही काटे आहेत, वाकडे आणि दुष्ट. फुलं पांढरी उमलतात आणि गुलाबी-लाल होत जातात. आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला वाघाट्यांची भाजी लागते, तेव्हा मंडईत ती चढ्या भावाने घेणाऱ्यांना हे वेगळं पटवावं लागत नाही.

२२. ताम्हिणीत बघितलेली भारंगी आणि भूतकेस हडपसरला जगतील का?

हा खरा अडचणीचा प्रश्न. ताम्हिणीत शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो, आणि हडपसरला शहराच्या पश्चिम भागापेक्षाही कमी. अंतर फार नाही, पण झाडाच्या दृष्टीने तो दुसरा देश आहे. भूतकेसाचं पांढरं, पानासारखं दल आणि मधलं केशरी फूल कुणालाही मोह पाडेल. तरी त्याला दुपारची सावली आणि जमिनीत ओल लागते. बावधन, पाषाण, वारजे इथे मोठ्या झाडाखाली जमतं. हडपसर-वाघोलीकडे लावायचंच असेल तर पूर्वेची भिंत, खाली पाल्याचा जाड थर आणि वर्षभर पाणी. मग ‘स्थानिक झुडपाला पाणी लागत नाही’ असं मला ऐकवायचं नाही.

भारंगी थोडी सोशिक आहे. उन्हाळ्यात वरून वाळते, पावसाळ्यात बुंध्यातून फुटते, आणि कोवळ्या पानांची भाजी कडवट पण छान होते. पूर्वेकडच्यांनी खरं तर तरवड, हेकळ, कोरांटी यांच्यावर प्रेम करायला शिकावं. आपल्या घरापासून दोन-तीन कोसांवरच्या माळावर जे उगवतं ते कुठल्याही यादीपेक्षा भरवशाचं, या माझ्या यादीपेक्षासुद्धा.

२३. कारवी लावता येईल?

लावता येईल, पण कशाला? कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. तिची मजा डोंगरच्या डोंगर एकदम जांभळा होण्यात आहे. अंगणातल्या एका कारवीसाठी सात वर्षं थांबायचं आणि मग ती तुमच्या गावाला जाण्याच्या आठवड्यात फुलायची. तिच्या काठ्यांचे कूड विणून त्यावर माती लिंपून घरांच्या भिंती होत, इतकी ती रानात मुबलक असते. सिंहगडाच्या उतारावर जाऊनच बघा.

२४. सोसायटीच्या बागेत लावली, पण कमिटी म्हणते ‘जंगल वाटतं’. काय करू?

भांडू नका. पट्ट्याची कडा विटांच्या ओळीने सरळ करा, मध्ये दोन फुटांची स्वच्छ वाट ठेवा, आणि प्रत्येक झुडपाशी नावाची पाटी लावा. झुडपं तीच राहतात, पण पाटी लागली की जंगलाची बाग होते, हे मी आमच्याच कमिटीत पाहिलंय. वार्षिक सभा फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर धायटी पहिल्या रांगेत लावा. सभा एप्रिल-मेमध्ये असेल तर मुरुडशेंग मागच्या रांगेत. का, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

२५. भाड्याचं घर आहे, दोन वर्षांत सोडणार. लावण्यात अर्थ आहे का?

बादल्यांमध्ये लावा आणि टेम्पोत घालून न्या. घर सोडण्याआधीच्या पावसाळ्यात प्रत्येकाच्या दोन-दोन फांद्या लावून ठेवा. टेम्पोत एखादं मोडतंच. जमिनीत लावलेलं नेऊ नका, ते पुढच्या भाडेकरूचं.

२६. तुमच्याकडे रोपं मिळतील का?

जूनच्या शेवटी, असतील तर. दुधाच्या पिशव्या धुऊन, तळाला चार भोकं पाडून घेऊन या, पिशवीमागे एक रोप. यंदा निर्गुडी आणि कोरांटी भरपूर आहेत, मुरुडशेंगेची सात, धायटीची तीन. ती तीन मागणाऱ्यांना मी आधी विचारणार आहे, गेल्या वर्षीची निर्गुडी कशी आहे.